काळ्यातलं काळं

पहाटे साडेपाच

रात्री कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून आडवी लावलेली फळी बाजूला केली, की माझं दुकान उघडलं. शनिशिंगणापुरात घरांना परंपरेनं दारं लावत नाहीत, तसं माझ्या दुकानालाही दार नाही. एक पडदा आहे. बाहेरगावच्या माणसाला याचं नवल वाटतं, आणि ते साहजिकच आहे. २०११ साली युको बँकेनं इथे बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली होती. मी लेसरनं लाकडावर आणि दगडावर फोटो कोरते. माझ्या कामापुरता दार नसण्याचा संबंध चोरीशी नाही, उजेडाशी आणि धुळीशी आहे. दोन्ही थेट आत येतात, आणि माझा दिवस त्या दोघांच्या वेळा बघून आखलेला असतो.

दुकानाचं तोंड पूर्वेला आहे. साडेसातनंतर ऊन टेबलापर्यंत पोचतं आणि संगणकाचा स्क्रीन फिका दिसायला लागतो. स्क्रीन फिका दिसला की डोळा फसतो. फोटोतल्या गडद जागा आहेत त्याहून जास्त काळ्या वाटतात, हात नकळत त्या उजळवत जातो, आणि लाकडावर माणसाचे अर्धे नाकडोळे उमटतच नाहीत. म्हणून छटा ठरवायचं काम मी सूर्य उगवायच्या आत करते, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला दिवस यंत्राचा.

आज शुक्रवार, म्हणजे उद्या शनिवारी शनिदेवाच्या दर्शनाला होणाऱ्या गर्दीची कामं हातावेगळी करायची आहेत. पहिलं काम सोनईच्या एका घरचं. आईचं वर्षश्राद्ध आहे, तिचा फोटो बीच लाकडाच्या फळीवर पंधरा बाय वीस सेंटिमीटरमध्ये हवा आहे. फोटो नातवाच्या लग्नातला: हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. थोरला मुलगा फोटो देताना एवढंच म्हणाला, "ताई, बाकी काय बी करा, पण आईचं कुंकू दिसलं पायजे बगा."

त्याला वाटलं, त्यानं अगदी किरकोळ गोष्ट सांगितली. खरं तर त्यानं या फोटोतली सगळ्यात अवघड जागा दाखवून दिली. लेसरला रंग कळत नाही. लाकूड किती जाळायचं एवढंच त्याला सांगता येतं, म्हणून रंगीत फोटो आधी राखाडी करावा लागतो. फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. नेहमीच्या पद्धतीनं राखाडी केलं, तर हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ धरला जातो, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ भासतो. चेहऱ्यासाठी मात्र लाल थर मोलाचा. आपल्या कातडीवरून लाल उजेड भरपूर परततो, त्यामुळे त्या थरात चेहरा उजळ आणि मऊ दिसतो, वांगाचे डाग आणि उन्हानं रापलेले चट्टे बरेचसे विरतात. पण कुंकूही लाल उजेडच परतवतं. नुसता लाल थर घेतला, की त्या माउलीचं कपाळ मोकळं. हिरव्या थरात कुंकू जवळजवळ काळं येतं, पण मग गालावरचा प्रत्येक डाग वर येतो आणि डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांनी बाई आजारी दिसते.

तेव्हा चेहरा मी लालचा वाटा जास्त आणि हिरव्याचा कमी ठेवून बांधते. कुंकवाभोवती गोल निवड करून तेवढ्या जागेपुरता फक्त हिरवा थर घेते. निवडीची कड मऊ ठेवायची, नाहीतर ते कुंकू वाटत नाही, वरून चिकटवलेली टिकली वाटते. लालचा वाटा वाढवल्याचा आणखी एक फायदा इथे आपोआप मिळतो: हिरवं लुगडं त्या थरात गडद होतं आणि त्याच्या कडेला चेहरा उठून दिसतो. नथीच्या मोत्यांवर उजेडाचे बारके ठिपके आहेत, ते पूर्ण कोरे राखते. डोळ्यांतल्या बुबुळावरचा ठिपकाही तसाच. तो बुजला तर बाकी सगळं कितीही नेटकं असो, माणूस आपल्याकडे बघत नाही.

धार वाढवायची ती डोळे, भुवया, नथ, ओठांच्या कडा आणि लुगड्याच्या काठाला. गालाला नाही. संगणक सबंध फोटोला एकदम धार लावायला तयार असतो, पण त्यानं सुरकुत्या खोदल्या जातात आणि सत्तरीची बाई नव्वदीची होते.

या कामात एक मागणी नेहमी येते, आणि तिच्यापुढे मी झुकत नाही. "जरा गोरं करा ना." लाकडावर गोरं करणं अगदी सोपं असतं: कमी जाळलं की झालं. यंत्राचा वेळही वाचतो. पण उन्हातान्हात कांदे काढून, ऊस खुरपून ज्या चेहऱ्याला तो रंग आला, तो पुसून मी त्यांच्या हातात कोणाचा चेहरा देणार? सावळ्या चेहऱ्याला कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचं हाड अशा तीन जागी उजेड नीट ठेवला, की तो सावळा राहूनही झळाळतो. हे दाखवलं की लोकांना पटतं. या सोनईच्या मुलानं असलं काही मागितलं नाही, त्याबद्दल मला त्याचं मनातून कौतुक वाटलं.

साडेसात

ऊन आलं. स्क्रीन बंद, यंत्र उघडं.

आधी आरसे आणि भिंग. किरण नळीतून निघतो, तीन आरशांवरून वळतो आणि भिंगातून खाली पडतो. सध्या उसाचा हंगाम आहे. सोनईच्या मुळा कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात, त्यांनी उडवलेली धूळ आणि कालच्या लाकडाच्या धुराचा चिकटा असा दोन्हींचा थर भिंगावर बसतो. भिंग मळलं की किरणाची ताकद घटते, छटा फिक्या पडतात, आणि कारागीर मात्र फाइलमध्ये चूक शोधत बसतो. त्याहून वाईट म्हणजे मळ तापून भिंग तडकतं. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, न घासता, एकाच दिशेनं पुसायचं. मग नळी थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी बघायची. उन्हाळ्यात या पाण्याचीच काळजी जास्त असते. आता थंडी आहे, ठीक आहे.

भिंगाचं पदार्थापासूनचं अंतर लाकडी ठोकळ्यानं मोजते. हे अंतर जरा हुकलं तरी ठिपका पसरतो, आणि माझं सगळं काम ठिपक्यावर उभं आहे.

नऊ

बीचच्या त्याच फळीचा एक तुकडा घेते आणि त्यावर पट्टी मारते: कोऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत दहा-दहा टक्क्यांनी चढत जाणारे चौकोन. फळ्यांचा प्रत्येक गठ्ठा वेगळा निघतो, म्हणून ही पट्टी चुकवत नाही. सागावर तर छटा बसवणं फारच कठीण, त्याच्या रेषा आणि तेलकटपणा फोटोच्या आड येतात. एमडीएफ सरळ वागतं, पण त्याचा काळा रंग तपकिरीवरच थांबतो. बीचचा पोत बारीक, रंग फिका, चेहऱ्याला चांगला.

पट्टीत काय दिसतं? स्क्रीनवर ५० टक्के असलेला चौकोन लाकडावर ६०–६५ सारखा गडद. ८० आणि १०० मधला फरक जवळपास नाहीसा. कारण लेसरचा ठिपका साधारण ०.१ मिलिमीटरचा असला, तरी उष्णता बाजूला पसरते आणि जळालेली जागा त्याहून मोठी होते. ठिपके एकमेकांत मिसळतात. म्हणजे लाकडाजवळ खऱ्या, वेगळ्या ओळखू येणाऱ्या छटा मोजक्याच आहेत, आणि फोटोत तर २५६. त्या मोजक्या छटा कशावर खर्च करायच्या, हाच या कामातला खरा निर्णय.

मी त्या चेहऱ्यावर खर्च करते. लुगडं ८०च्या पुढे गेलं, त्यातल्या चुण्या एकमेकींत बुडाल्या तरी चालेल. मांडवातला मागचा झगमगाट सपाट झाला तरी चालेल. चेहरा मात्र १५ पासून ७० पर्यंत पसरवायचा. त्यासाठी संगणकावरच्या छटांच्या वक्ररेषेचा मधला भाग उचलते, म्हणजे मधल्या छटा स्क्रीनवर मुद्दाम जास्त फिक्या करते. स्क्रीनवर असा फोटो मिळमिळीत दिसतो, गिऱ्हाईक मागे उभं असेल तर काळजीत पडतं. लाकूड जळताना तो आपसूक गडद होतो. हा अंदाज पट्टी बघून बघूनच हाताला येतो.

एवढ्यात एक आजोबा-नातू आले. आजोबांच्या वडिलांचा फोटो, स्टुडिओत काढलेला, मागे पांढरा पडदा आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी. लाकडावर पांढरं म्हणजे न जाळलेली जागा. तेव्हा टोपीही कोरी आणि मागचा पडदाही कोरा, म्हणजे टोपी गेली आणि कपाळ मध्येच तुटलं. अशा फोटोला काळा ग्रॅनाइट घ्या, असं मी नेहमी सुचवते. त्यावर सगळं उलट होतं, कोरलेलं उजळ दिसतं; पडदा न कोरता काळा सोडला की टोपी सगळ्यात लख्ख उमटते. पण दगड महाग आणि जड. त्यांना लाकूडच हवं होतं. मग पडद्याला बारा टक्क्यांची हलकी छटा द्यायची, टोपी कोरी ठेवायची आणि घडीची एक रेघ जराशी गडद करायची. आजोबांना कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवलं, त्यांनी मान डोलावली.

अकरा

सोनईच्या आईची फळी यंत्रात. सेंटिमीटरला शंभर ओळी, वीस सेंटिमीटर उंची, म्हणजे दोन हजार ओळी. एका ओळीला जाऊन वळायला पाऊण सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो. सव्वीस-सत्तावीस मिनिटं जवळून हलायचं नाही, कारण आत लाकूड जळतंय.

कोरणं खालून वर चालतं. धूर मागच्या बाजूनं ओढला जातो, त्यामुळे झालेल्या भागावर काजळी बसत नाही.

जो किरण हे करतो तो दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, आपल्या नजरेच्या फार पलीकडची. दिसते ती फक्त लाकडावरची ठिणगी. हा कार्बन डायऑक्साइडचा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा, आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या कॉलेजातलं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाचा हा शोध आज गल्लीबोळातल्या दुकानांत आणि ऑपरेशन थिएटरांत चालतो, आणि आपल्याकडच्या शाळेतल्या पोरांना त्याचं नाव माहीत नसतं. दुकानात शाळकरी मुलं यंत्र बघायला थांबली, की मी आधी हे नाव सांगते, मग यंत्र दाखवते.

नळीची ताकद कमीजास्त करून छटा काढता येईल असं वाटतं, पण फोटोसाठी ते नीट साधत नाही. अगदी कमी वीजप्रवाहावर नळी पेटतच नाही, आणि पेटली तरी सारखी पेटत नाही. म्हणून ताकद एकच ठेवायची आणि ठिपके दाट-विरळ करायचे. जिथे गडद तिथे दाट, जिथे उजळ तिथे विरळ. डोळा लांबून ते एकत्र करून राखाडी बघतो.

कुठला ठिपका ठेवायचा आणि कुठला सोडायचा, याची एक रीत रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि ती आजही चालते. ही किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीप्रमाणे आहे. समजा, एका जागी ४० टक्के गडद हवं. ४० टक्के ठिपका देता येत नाही, एक तर पूर्ण द्यायचा किंवा नाही द्यायचा. दिला नाही, तर ४० ची बाकी राहिली. ती बाकी सोळा भागांत वाटायची: सात भाग उजवीकडच्या शेजाऱ्याच्या नावावर, पाच सरळ खालच्याच्या, तीन खाली डावीकडच्याच्या, एक खाली उजवीकडच्याच्या. पुढच्याच्या खात्यात बाकी साचत गेली की तो ठिपका उमटवतो, आणि जास्तीचा हिशेब पुढे सरकतो. सगळ्या फोटोत देणंघेणं सरतेशेवटी जुळतं. मऊ गालांसाठी त्याच वर्षीची जार्विस, ज्युडिस आणि निंके यांची रीत मला जास्त आवडते. ती बाकी बारा शेजाऱ्यांत वाटते, त्यामुळे छटा अलगद उतरतात.

ठिपक्यांनी छटा बांधणं आपल्या मुलखात नवं नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला रविवर्मा प्रेस शिळाछपाईचा होता. तिथे देवीच्या गालावरची लाली दगडावर बारीक ठिपके देऊन उतरवत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते, आणि नंतर त्यांनी स्वतःचा हाफटोन ब्लॉक बनवण्याचा धंदा काढला होता. घरोघरी देव्हाऱ्यावर लागलेली लक्ष्मी आणि सरस्वती अशा ठिपक्यांतून आली. यंत्राजवळ बसले, की मला त्या नाव न उरलेल्या कारागिरांबद्दल आदर वाटतो. त्यांना चुकलेला ठिपका परत घेता येत नव्हता. मलाही, एकदा लाकूड जळलं, की तो घेता येत नाही.

फळी बाहेर काढते, मऊ ब्रशनं काजळी झटकते. कुंकू आहे.

एक

पिठलं-भाकरी. पडदा ओढून अर्धा तास आडवी.

अडीच

घोडेगावचा जनावरांचा बाजार आज असतो. तिकडून परतणारे काही जण दर्शनाला वळतात, आणि मग माझ्याकडे "लगेच होईल का?" म्हणून विचारणारी गिऱ्हाइकं. किचेन, मोबाइल स्टँड, नावाच्या पाट्या. हे काम सोपं, रेषांचं, छटांचं नाही.

एक तरुण पाकीट घेऊन आला, त्यावर वडिलांचा फोटो हवा. हातात घेतल्यावरच शंका आली, हे चामडं नव्हे, रेक्झिन असावं. माझ्याकडे तांब्याची तार असते. ती तापवून पाकिटाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. ते लेसरखाली जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती छातीला घातक, आणि यंत्राचे आरसे आणि पोलादी भाग गंजवते. ज्योत हिरवी झाली. त्याला नाही म्हणून सांगितलं आणि का ते समजावलं. रेक्झिनच्या वस्तूवर दहा मिनिटांत फोटो कोरून देणारे लोक आहेत, आणि त्यांनी स्वतःच्या श्वासाचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. त्या मुलानं शेवटी लाकडी किचेन घेतलं.

मध्येच वीज गेली, तेव्हा सुदैवानं यंत्रावर पाटीच होती. चेहरा चालू असताना वीज गेली तर परत सुरू करताना ओळ केसभर हुकते, आणि गालावरून आडवी रेघ जाते. ती लपत नाही. म्हणून मोठे चेहरे मी सकाळी घेते, जेव्हा वीज सहसा टिकते.

चार

एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून कागद घेऊन आल्या. सासूबाई गेल्या. त्यांचा एकही फोटो नाही, फक्त आधार कार्डावरचा. गावोगाव कितीतरी बायकांची हीच गत आहे. आयुष्यभरात कोणी त्यांच्यासमोर कॅमेरा धरला नाही, आणि धरला तो सरकारी नोंदीसाठी, भिंतीला टेकवून, समोरून उजेड मारून.

त्यांना एक फूट उंचीचा फोटो हवा होता. मी कार्डाचा फोटो मोठ्या रेझोल्यूशननं स्कॅन केला आणि स्क्रीनवर वाढवून दाखवला. छपाईचे ठिपके, त्यावर प्लॅस्टिकचा ओरखडा, आणि डोळ्यांच्या जागी गडद दोन डाग. हल्ली मोबाइलवर अशी ॲप आली आहेत, की ती असा फोटो चकचकीत करून देतात. बाईंच्या भाच्यानं तसा एक करूनही आणला होता. त्यात सासूबाईंना सरळ रेषेतले दात आले होते, पापण्या आल्या होत्या, आणि डोळे कोणाचे होते ते त्यांनाही सांगता येईना. ते ॲप फोटोत नसलेलं मनानं भरतं. जिवंत माणसाच्या वाढदिवसाच्या फोटोला कोणी तसं केलं तर माझं काही म्हणणं नाही. पण गेलेल्या बाईचा हा एकुलता एक चेहरा आहे. घरातली लहान मुलं आजी म्हणून हाच चेहरा लक्षात ठेवणार. तिथे परके डोळे बसवायला मी तयार नाही.

फोटोत जेवढा माणूस आहे, तेवढाच कोरायचा. मी त्यांना म्हटलं, फूटभर नको, पाच सेंटिमीटरचा गोल करू. एवढ्या आकारात हे डोळे डोळे वाटतील. भोवती मोठी फळी मोकळी ठेवू, आणि खाली त्यांचं नाव आणि गाव ठळक घालू. फोटो मोठा असायलाच हवा असं नाही. छपाईचे ठिपके घालवण्यासाठी आधी हलकासा धूसरपणा, मग आकार लहान, मग फक्त डोळ्यांना आणि कपाळावरच्या गोंदणाला धार. गोंदण कार्डावर अगदी पुसट होतं, निळ्याहिरव्या रंगाचं. ते लाल थरात स्पष्ट मिळालं, कारण लाल उजेड ते परतवत नाही. बाई म्हणाल्या, "हे त्यांच्या माहेरचं. लग्नाआधीचं." संगणकावर त्यांनी ते बोट लावून दाखवलं. दिवसातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं काम हे होतं, आणि ते पाच सेंटिमीटरचं होतं.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, हे मी सगळ्यांना सांगते. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि त्यात आठ बाय आठचे चौकोन पडतात. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाहीत, पण छटा ताणल्या की गालावर फरशी बसवल्याचा भास होतो. तरी दहातले नऊ जण साधाच पाठवतात.

साडेसहा

दिवे लागले, स्क्रीन पुन्हा खरा झाला.

आता शिळा. अकोल्याकडचे एक भाविक भक्तनिवासात उतरले आहेत. उद्या शनिवारचं दर्शन करून निघणार. त्यांना वीस बाय तीस सेंटिमीटरच्या काळ्या ग्रॅनाइटवर शनिदेव हवेत. फोटो त्यांनी स्वतः काढलेला, दुपारच्या उन्हातला.

आमच्या देवाला नाक-डोळे नाहीत. उघड्या चौथऱ्यावर, वर छप्पर नसलेली, पावणेसहा फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा. ऊन, पाऊस, थंडी सगळं थेट तिच्यावर. दिवसभर तिच्यावर तेल वाहतं, गळ्यात फुलांच्या नि रुईच्या माळा. म्हणजे फोटोच्या भाषेत काळ्यावर काळं, त्यावर ओलं, आणि त्यावर सूर्याची चकाकी. मोबाइलचा कॅमेरा काळं बघून घाबरतो आणि सगळंच उजळवतो. मग शिळा राखाडी आणि आकाश कोरं. या फोटोतही तेच झालंय.

लाकडावर असती तर शिळा सबंध जाळून चालली नसती. नुसता तपकिरी सपाट ठोकळा झाला असता. तिथे सगळ्यात गडद जागाही ८५ टक्क्यांवर थांबवून शिळेच्या आतल्या छटा सुट्या ठेवाव्या लागतात. ग्रॅनाइटवर गोष्ट वेगळी. लेसरच्या उष्णतेनं दगडाचा वरचा पापुद्रा बारीक बारीक फुटतो आणि तिथे पांढुरकं दिसतं. जे जाळलं ते उजळ, जे सोडलं ते काळं. म्हणून फोटो उलटा करावा लागतो, निगेटिव्ह. आणि उलटा केल्यावर माझ्या लक्षात नेहमी तेच येतं: या दगडावर शिळा कोरायचीच नाही. शिळेचा काळेपणा दगडात आधीच आहे. कोरायचं ते तेल.

मग मी शोधायला लागते, की तेल कुठे आहे. माथ्यावरून ओघळ उतरतो तिथे एक लांब, मऊ उजेड. डाव्या खांद्याकडे, शिळेला खांदा म्हणता येत असेल तर, चकाकीचा तुकडा, तो उन्हानं पूर्ण फाटलाय, त्यात तपशील उरलेला नाही. तो दाबून आजूबाजूच्या छटेजवळ आणते, नाहीतर दगडावर तिथे पांढरा धब्बा येईल. माळेतल्या फुलांच्या फक्त वरच्या कडा. चौथऱ्याच्या फरशीवर खाली हलका उजेड, म्हणजे शिळा हवेत तरंगणार नाही. आकाश पूर्ण सोडून द्यायचं, म्हणजे काळंच. फोटोत दुपार होती, दगडावर रात्र होईल. भाविकाला हे आधी विचारलं. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आम्ही पहाटेच्या आरतीला आलो होतो, तेव्हा असंच दिसलं होतं."

वक्ररेषेचं खालचं टोक खेचून खोल सावल्या पूर्ण बंद करते. दगडावर पाच टक्क्यांचे विरळ ठिपके शिळेच्या अंगावर सांडले, की ती धूळ बसल्यासारखी दिसते. ठिपके फार दाट झाले तर तडे एकमेकांत मिळून पापुद्राच उडतो आणि उजेडात छटा उरत नाही. म्हणून वरचं टोकही ९० वर बांधते. मधली जागा तेवढी मोकळी. यात तास जातो, आणि जाऊ द्यावा. हा फोटो त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणार आहे.

साडेआठ

तीन हजार ओळी, पन्नास मिनिटं. दगड बाहेर काढला, पाण्यानं धुतला, पांढरी भुकटी निघून गेली. ओला असेपर्यंत कोरलेलं जवळपास दिसत नाही, सुकल्यावर हळूहळू वर येतं. भाविकांना तोवर बसवलं, चहा दिला.

त्यांनी विचारलं, घरी याला रोज तेल वाहिलं तर चालेल ना. त्यांना स्पष्ट सांगितलं, या दगडाला तेल वाहू नका. पांढरं दिसतंय तो रंग नाही, बारीक तड्यांतून विखुरलेला उजेड आहे. पाणी सुकतं आणि उजेड परत येतो. तेल तड्यांत मुरतं आणि सुकत नाही, मग कोरलेलं तेल खऱ्या तेलात बुडून जातं. शनिदेवाला तेल इथे चौथऱ्यावर वाहा, घरी ओल्या फडक्यानं पुसा, फूल ठेवा. कोणी चुकून तेल घातलंच, तर भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुऊन उन्हात सुकवा, बरंचसं परत येईल, सगळं येणार नाही. हेच एका चिठ्ठीवर लिहून दगडाच्या मागे चिकटवलं, म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही कळेल.